कडी नसलेलं घर

"आला! मामा आला!" मुलगी गच्चीवरून ओरडली आणि दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत खाली आली. दारापर्यंत धावली, बाहेर डोकावली आणि तोंड पाडून परतली. "पोस्टमन होता."

आईनं मागच्या खोलीतली उशी तिसऱ्यांदा उचलली, झटकली आणि पुन्हा तिथंच ठेवली.

"त्या उशीला चक्कर येईल आता," वडील म्हणाले. ते सुतार होते. त्याच खोलीच्या दारावरून शेवटचा पॉलिशपेपर फिरवत होते. "तुझा सख्खा भाऊ येतोय. तपासणीला साहेब येत नाहीये."

"एकोणीस वर्षांनी येतोय हो."

"दर वर्षी 'पुढच्या वर्षी ये' कोण म्हणायचं?"

या खेपेला मुलीनंच मामाला परस्पर फोन केला होता. मामा लिफ्टचा मेकॅनिक. मध्येच बंद पडलेल्या लिफ्टमधून तो माणसं बाहेर काढतो हे कळल्यापासून मुलीच्या लेखी जगात दुसरा शूर माणूस उरला नव्हता.

"राहील ना तो या खोलीत?" आईनं विचारलं. "एक रात्र तरी?"

"न राहायला काय झालं? खिडकी मोठी, दार नवंकोरं."

"दार नवं, पण कडीचा पत्ता नाही!" मुलगी फणकारली. "सुताराचं घर आणि एकाही दाराला आतून कडी नाही. मैत्रिणी हसतात मला. बाथरूममध्ये गेलं की मोठ्यानं गाणं म्हणायचं! आता मामानंही गायचं का?"

"आवाज बरा असेल तर गाऊ दे की," वडील म्हणाले. मग हळू आवाजात, "तुला माहीत आहे ना, का ते."

माहीत होतं. आईचे आईवडील लवकर गेले. ती आणि तिचा धाकटा भाऊ काकांकडे वाढले. तिथं जिन्याखाली एक अंधारी कोठी होती, बाहेरून कडी असलेली. काही चुकलं की काका कोंडायचे. शंभर आकडे मोजून झाले की दार उघडायचं. आईनं लग्नानंतर एवढंच सांगितलं होतं, तेही एकदाच. वडिलांनी पुढं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पेचकस घेतला आणि घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या.

आई आता चादरीची कड सरळ करत पुटपुटत होती. "...अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, साठ, एकसष्ट..."

जीव घाबरा झाला की ती अशी मोजत बसायची, भरभर.

"गाळलेस! परत गाळलेस!" मुलगी टाळ्या पिटत म्हणाली. "बाबा, लपाछपीतसुद्धा ही हेच करायची. हिच्यावर राज्य आलं की मला लपायला वेळच मिळायचा नाही!"

"जन्माची लबाड आहे तुझी आई," वडील हसले.

तेवढ्यात बेल वाजली.

या वेळी मामाच होता. उंच, टक्कल पडलेला, खांद्यावर बॅग. मुलीनं त्याचा हात धरून त्याला जवळजवळ ओढतच आत आणलं. आई खोलीच्या दाराशी खिळून उभी होती.

"आलास?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"बोलावलंस कुठं तू? भाचीनं बोलावलं, म्हणून आलो," तो हसत म्हणाला. "ही खोली माझी?"

उंबऱ्याशी तो थांबला. नव्या दारावर त्यानं वरून खाली बोट फिरवलं. आधी आतून, मग बाहेरून. कारागिरानं दुसऱ्याचं काम बघावं तसं.

"कडी?"

"आमच्या घरात कडीच नाही, मामा! आईला लहानपणी कोंडायचे ना, म्हणून."

मामानं बहिणीकडे पाहिलं. ती खाली मान घालून उभी होती. तिचे ओठ हलत होते.

त्यानं बॅग पलंगावर टाकली, बूट काढले आणि ऐसपैस मांडी घालून बसला.

"तिला नाही गं, मला कोंडायचे," तो म्हणाला. "कडी लावून दाराबाहेर मोठ्यानं मोजायचं काम काकांनी हिला दिलं होतं. आणि ही माझी ताई दर वेळी चाळिसावरून थेट साठावर उडी मारायची."