गाळलेलं पाणी

तुलाराम बाटलीच्या तोंडावर फडकं धरून पाणी ओतत होता. रंजू मागे येऊन उभी राहिली तरी त्याला कळलं नाही.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"पाणी गाळून राहिलो." त्याने मागे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "तू काहून आली? बाटल्या मी उद्याच्या बसनं पाठवतच होतो."

शेवटच्या बाटल्या स्वतःच्या हाताने भराव्यात म्हणून रंजू नागपूरहून आली होती. ती तलावाच्या पाळीवर त्याच्याजवळ बसली.

ती ज्या प्रयोगशाळेत कामाला होती तिथलं मशीन डोळ्यांना न दिसणारे कण वजनावरून ओळखतं. "आपल्या मासोळी तोलायच्या काट्यासारखं समजा," असं तिने बापाला सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी धानावर तुडतुड्या किडीसाठी औषधाची फवारणी झाली आणि चार दिवसांनी तलावात मासोळ्या उलट्या तरंगल्या. तुलाराम आणि बाकीचे मासेमारी करणारे ढिवर म्हणाले, औषधाने मेल्या. शेतवाले म्हणाले, उन्हाने. तेव्हा रंजूने या तलावाचं पाणी तपासायला घेतलं. दर महिन्याला तुलाराम बाटल्या भरायचा, बर्फात घालून साकोलीहून बसने पाठवायचा. दर महिन्याला मशीन सांगायचं, काही नाही.

तसा अहवालाचा कागद ग्रामसभेत वाचला गेला. "तुह्याच पोरीची मशीन तुले लबाड म्हणते गा, तुलाराम," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मशीन कशाला खोटं सांगेल, असंच तुलारामलाही वाटलं. फवारणी पुढच्या वर्षी दुप्पट झाली. आणि परवा रंजू मोठ्या लोकांसमोर शेवटचा अहवाल वाचणार होती. तलाव स्वच्छ आहे, असा.

"कधीपासून गाळता, बाबा?"

"पहिल्या बाटलीपासून. लेकीच्या घरी कोणी गढूळ पाणी पाठवते काय?"

रंजूने चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं होतं. साबण लागू द्यायचा नाही. बाटली काठोकाठ भरायची. झाकण घट्ट लावायचं. गाळू नका, हे लिहायचं तिला सुचलंच नव्हतं. आणि ते औषध पाण्यात फारसं विरघळत नाही, गाळाला धरून राहतं.

तिने हळूहळू त्याला समजावून सांगितलं. तुलाराम हातातल्या बाटलीकडे पाहत राहिला.

"म्हणजे मीच मले लबाड ठरवलं."

"तुम्ही नाही. मी सांगितलं नाही. परवा उभी राहून सांगीन, तीन सालाचे आकडे चुकले. माह्याकडून चुकले."

"नोकरी?"

"पाहू."

वारा आला. पाळीवरची एक रिकामी बाटली आडवी झाली. कोणी उचलली नाही.

"मंग तीन सालाचा गाळ आता कुठून आणतं?" तुलाराम म्हणाला.

रंजूची नजर त्याच्या हातातल्या फडक्यावर गेली. ते मातकट, कडक झालं होतं.

"हे कधी धुतलं होतं?"

"कायले धुवू? साबण लावू नोको म्हणाली होती तू. बाटल्या भरल्या का वाळवत होतो अन् ठेवून देत होतो. दुसऱ्या कामाले हात लावू देल्ला नाही."

तिने ते हातात घेतलं. तीन वर्षं त्या एकाच फडक्यात जमली होती. सगळं नाही, पण औषध तलावात उतरलं की नाही, एवढं ते नक्की सांगणार होतं. मग तिला मातीखालचा हिरवा काठ दिसला आणि तिचे हात थांबले. आईच्या लुगड्याचा पदर. सखाबाईला जाऊन पाच वर्षं झाली होती. घरात तिचं दुसरं काही उरलं नव्हतं.

"बाबा, तपासाले याचे तुकडे करावे लागन. मंग ते परत येणार नाही."

तुलारामने पदर तिच्याकडून घेतला. मांडीवर पसरला. काठाला काठ लावून नीट घडी केली आणि तिच्या ओंजळीत ठेवली.

"तलावाचं जे निघन ते गावाले सांग," तो म्हणाला. "अन् तुह्या मायचं काही निघालं, तर ते मले एकट्याले सांगजो."