पाठराखीण

"यात काय वाईट आहे, आई? समोर बाग आहे, तळं आहे. स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की आलं."

"तळं बघायला ओसाकाला कशाला जायचं? इथे काय बदकांना तोटा आहे?" सुमनबाईंनी कॉम्प्युटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उजवा पाय जरा लांब केला आणि लगेच आखडून घेतला.

उदयने चौथं हॉटेल बंद करून पाचवं उघडलं. सकाळपासून घरात हाच उद्योग चालला होता. उद्या व्हिसाचा अर्ज द्यायचा, त्यावर हॉटेलचा पत्ता लागतो. तनिषाला व्हिसा नको, ती इथलीच जन्मलेली. तिच्या आजीचा पासपोर्ट मात्र अजून भारताचा. तीस वर्षं इथे लंडनमध्ये, एजवेअरला काढली, पण तो बदलायचं बाईंनी काही मनावर घेतलं नव्हतं.

तनिषा दारात उभी राहून नखं खात होती. आवडत्या जपानी बँडच्या ओसाकातल्या कॉन्सर्टची दोन तिकिटं तिने धडपडून मिळवली होती. अठरा वर्षांच्या पोरीला एकटी सोडणार नाही, मोठं माणूस बरोबर हवं, असं उदयने बजावलं. त्याला रजा नव्हती, त्याच्या बायकोला, स्वातीलाही नव्हती. तेव्हा सुमनबाईच पुढे झाल्या होत्या. "मी जाते पाठराखीण म्हणून. लग्नात नवरीबरोबर जातात, मग गाण्याला जायला काय धाड भरलीय?"

शब्द दिला तेव्हा गुडघा धड होता. गेल्या गुरुवारी बसमधून उतरून घरी येताना बाईंना कुणा परक्याच्या कुंपणावर टेकावं लागलं. ते एकट्या तनिषाने पाहिलं. उदयला कळलं तर दोघींचंही जाणं बारगळलं, म्हणून दोघींनी तोंडाला कुलूप घातलं होतं.

"बाबा, स्टेशनला जोडलेला एक आहे ना," तनिषा म्हणाली. "ट्रेनमधून उतरायचं, लिफ्टने वर जायचं. बाहेर पडायचंच नाही."

"रात्रभर गाड्यांचा खडखडाट. आजीला झोप लागेल का तिथे?"

"मला?" बाईंचा आवाज चढला. "दौंडला रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेय मी. मेल गेली नाही तर डोळा लागायचा नाही आमचा. आणि पाऊस आला म्हणजे? ही पोर भिजली, तापाने फणफणली, तर गाणं काय मी ऐकू? ती डोळ्यांवर केस आलेली पाच पोरं! त्यांना घरी तेल-फणी करायला कुणी नाही वाटतं."

"आजी!" तनिषा हसली. नखं मात्र तोंडातच राहिली.

उदय खुर्ची फिरवून आईकडे बघत राहिला. "आई, दहा मिनिटं चालायचंय. फक्त दहा."

"मग? मी काय लंगडी आहे?"

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. उदय तोवर उठला होता. "नाहीस ना? मग चल. अर्जाला फोटो लागतात. आपल्या स्टेशनवर फोटोचं मशीन आहे. तेही दहाच मिनिटांवर. चालत जाऊ."

बाईंनी कोट चढवला.

तिसऱ्या घराशीच गुडघ्यातून कळ निघाली. बाई थांबल्या. "बघ, बघ. गुलाब छाटलाय की हजामत केलीय?" तनिषाही थांबली. "हो ना, आजी. खूप वाईट." दोघींनी मन भरेपर्यंत त्या गुलाबाचे वाभाडे काढले. पुढे पाच घरांवर दाराचा पोपटी रंग नडला. "रंगाऱ्याचे डोळे फुटले होते का गं?" त्यापुढे कुणाच्या खिडकीचे पडदे. पडदे झाल्यावर नावं ठेवायला काही सापडेना, म्हणून तनिषानेच एक गाडी शोधून काढली. "आजी, तो कार बघ. किती घाण." बाईंनी बॉनेटवर हात टेकून गाडीच्या मालकाच्या तीन पिढ्या उद्धरल्या.

अख्ख्या एजवेअरला नावं ठेवून झाली तरी स्टेशन येईना. उदय पुढे चालत होता. त्या थांबल्या की तोही थांबायचा, मागे वळून बघायचा. ते वळून बघणंच बाईंना टोचत होतं.

स्टेशनवर बाई त्या मशीनच्या खोक्यात शिरल्या, गोल स्टुलावर बसल्या आणि पडदा ओढून घेतला. गुडघा ठणकत होता. त्यांनी दोन्ही हातांनी तो घट्ट आवळून धरला. चार वेळा उजेड लखलखला. चारही वेळा बाई डोळे वटारून समोरच्या काचेकडे बघत होत्या.

उठवेना.

"झालं का, आई?"

"डोळे मिटले मेले. परत काढते."

बाहेर काहीतरी टपकन पडलं. फोटो बाहेरच्या बाजूला पडतात, हे बाईंच्या तेव्हा ध्यानात आलं. पडद्याखालून उदयचे बूट दिसत होते. ते जागचे हलले नाहीत.

"खरंच मिटलेत गं," उदय म्हणाला. "बस तू. घाई नाही."

उदयने टाकलेली नाणी खुळखुळत आत गेली. मग त्याचा हलका आवाज आला, आईसाठी नसलेला. "तनू, घरी गेल्यावर ते स्टेशनातलंच बुक कर. लिफ्ट कुठल्या प्लॅटफॉर्मपाशी आहे, तेवढं आधी विचारून घे."

आत उजेड पुन्हा लखलखला. या खेपेला बाईंनी डोळे खरोखर मिटले होते.