पानमळ्यातली टकटक

"चपला बाहेर काढ आणि माझ्या मागनं चाल," नर्मदा म्हणाली. "पानवेलीत परका माणूस घरच्या थोरलीआधी शिरत नाही."

कॉन्रॅडने चपला काढल्या. शेजारच्या आळीतल्या लिडियाबाईंचा हा मुलगा, सरकारी नोकरीला लागलेला. तालुक्यातल्या मातीपाण्यात घातक किरणं किती आहेत, ते मोजत फिरायचा. खांद्याला विटेएवढी पेटी, हातात वायर लावलेली नळी. पेटी कुठेही थोडी टकटकतेच, असं त्याने आधीच सांगितलं होतं. भरभर टकटकली तरच घाबरायचं.

नर्मदा गळ्याभोवतीचा पदर घट्ट करून पुढे निघाली. पेटी भरभर टकटकायला लागली.

पहिल्या ओळीत लाह्या फुटाव्यात तशी. दुसऱ्या ओळीत तशीच.

"डबा बिघडलाय तुझा."

"नाही हो आजी. सकाळी चांदीप गावात एकदम गप्प होता."

"मग तिथेच ठेवायचास. इथे कशाला आणलास तोंडाळाला?"

ओट्यावरून सून सुशीला बघत होती. तिच्या कडेवरच्या बाळाने आजीकडे झेप घेतली, तशी नर्मदा चार पावलं मागे सरली.

"शिवू देऊ नकोस त्याला. नवस चाललाय ना माझा!"

मंगळवारी दादरच्या बहिणीकडून ती परतली, तेव्हाच तिने घरात सांगून टाकलं होतं. आठ दिवस कुणी शिवायचं नाही. ताट वेगळं, चटई पडवीत. कुठल्या देवाचा नवस, हे विचारायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

"आई, पण उद्या पानांच्या करंड्या जायच्यात," सुशीला हळूच म्हणाली. "मळ्याचं नाव खराब झालं तर कोण हात लावील आपल्या पानाला?"

"तुझ्या माहेरचं खत घातलं, त्याचंच हे असणार. चल रे, गोणी दाखवते."

गोणीपाशी पेटी कडकडली.

"बघ! मी म्हणत नव्हते?"

पण गोठ्यातही तेच. गाय रवंथ करत उभी होती, आणि पेटी तिच्यासमोर तडतडत होती. कॉन्रॅडने डोकं खाजवलं. माती म्हणावी तर गोणी बोलते, गोणी म्हणावी तर गाय.

"आता हिलाही किरणं फुटली का?" नर्मदा म्हणाली. पण आवाजातला ठसका उतरला होता.

मळ्याला पाणी देणाऱ्या तळ्याच्या, बावखलाच्या काठावर तर पेटीवरचा काटा थरथरत उजवीकडे गेला.

"माझ्या सासऱ्याने खणलेलं बावखल आहे हे. चाळीस वर्षं हेच पाणी पितेय. कधी डॉक्टरची पायरी चढले नाही, विचार गावात!"

"आजी, मला लिहावं तर लागेलच. तपास होईपर्यंत पान तोडायचं नाही. पाणीही नाही." तो ओशाळला होता. "जरा प्यायला देता? घरात नळाचं असेल तर."

सुशीलाच्या कडेवर पोर. नर्मदा स्वतःच आत गेली. माजघरातून तांब्या भरताना तिने कान दिला. बाहेर सगळं शांत झालं होतं. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक.

तांब्या घेऊन ती अंगणात आली. आवाज वाढला. ती थबकली. चार पावलं मागे गेली, आवाज मंदावला. पुन्हा पुढे, तर पुन्हा तडतड. हा डबा आपल्याला ओळखतो की काय, तिला काही समजेना. दादरला त्या डॉक्टरीणबाई सोमवारी हातवारे करून कायकाय सांगत होत्या, ते आत्ता आठवायला लागलं.

कॉन्रॅड पाठमोरा, वहीत लिहीत होता.

"थांब रे," नर्मदा म्हणाली. "लिहू नकोस."

तिने पानमळ्याकडे एकदा बघितलं. सासऱ्याने लावलेले वेल, उद्या तोडायची पानं. मग कनवटीतून चौपदरी घडीचा कागद काढला. अक्षराला अक्षर जोडून तिला त्यातलं स्वतःचं नाव तेवढं लागलं होतं. तिने तो ओट्याच्या कडेवर ठेवला आणि लांब जाऊन उभी राहिली.

"सुशीला, वाच. मोठ्याने वाच, याला ऐकू जाऊ दे."

सुशीलाने घडी उलगडली.

"'नर्मदाबाई यांना गळ्यातल्या गाठीसाठी सोमवारी किरणांचे औषध पाजले आहे. आठ दिवस त्यांनी लहान मुलांना जवळ घेऊ नये.'"