एलिजाचं नवं फुप्फुस

मुलांनो, नाकातोंडावर ओला रुमाल धरून डोंगर चढताय, अशी जरा कल्पना करा. हमरापूरचा जगन तसा श्वास घ्यायचा, आणि तो तर नुसता खाटेवर बसलेला असायचा. गणपतीच्या मूर्ती घासता घासता पंचवीस वर्षांची धूळ छातीत बसली होती. मूर्तीचे डोळे आखताना हात हलू नये म्हणून श्वास रोखावा लागतो. जगनला तो आता रोखता येत नव्हता. म्हणून सत्त्याण्णव सालच्या त्या श्रावणात डोळे त्याचा मुलगा हरेश आखत होता, आणि जगन खाटेवरून चुका काढत होता.

दुपारी इस्रायलहून एलिजाचं पत्र आलं. एलिजा पेणचा ज्यू सुतार. मूर्तींचे पाट तोच करून द्यायचा. लाकडाच्या भुशाने त्याचीही छाती गेली होती. दोघे एकाच डॉक्टरच्या बाकावर बसून खोकायचे. मग एलिजा लेकीकडे कायमचा निघून गेला.

चौथीतली नात अनिता पत्र मोठ्याने वाचू लागली. “जगन, डॉक्टरांनी माझं एक फुप्फुस बदललं. मोटारीखाली गेलेल्या एका पोराचं मला बसवलं. त्याच्या आईने हो म्हटलं म्हणून.”

“बदललं? सायकलची ट्यूब हाय काय ती?”

“पुढं वाचू, आजा?”

“वाच.”

“रोज मूठभर गोळ्या खातो. पण काल चार मजले चढलो, मध्ये कुठे टेकलो नाही. वर पोचलो, आणि सांगायला तू नव्हतास.”

एलिजाला तिकडे घर मिळालं, तेव्हा जगनने आळीभर कौतुक सांगितलं होतं. पण चार मजले! त्याला स्वतःला मोरीपर्यंत जाताना दोनदा भिंत धरावी लागे.

“आजा, तुझंबी बदलू या ना.”

“मुंबईच्या डाक्टरला इचारलं तुझ्या बापानं. आपल्याकडं नाय होत म्हनला.” त्याने दम घेतला. “त्यालाच बरं गावलं! माझ्यापरीस जास्त खोकायचा तो.”

पुन्हा दम घेतला.

“कागद घे गो. त्याची पत्रं नकोत आता मला. चार मजले चढला, उद्या धा चढंल. लिही, जगन गेला. इषय संपला.”

हरेशचा ब्रश हवेतच राहिला. “बाबा, काय बोलता?”

“तू डोळं बघ तुझं. वाकडा झालाय डावा.”

अनिताने आजाकडे पाहिलं. मग कागद मांडीवर घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘एलिजाआजा, आमचा जगनआजा गेला.’ पूर्णविराम नीट गोल काढला. कागद जगनच्या पुढ्यात ठेवला, पेन त्याच्या बोटांत दिलं.

“आता खाली सही कर,” ती म्हणाली, आणि पाकीट चिकटवायला डिंकाची बाटली उघडून त्याच्यासमोर बसून राहिली.