अंबाडीतलं तेल

अर्पितानं बोटाएवढी बाटली कडूबाच्या डोळ्यांपुढे धरली. तळाशी पिवळं तेल हललं.

“आबा, तुम्ही दिलेल्या अंबाडीतून कॉलेजात हे निघालं.”

मोताळ्याच्या पंचक्रोशीत कडूबासारखा दोर कोणी वळत नाही. त्याच्या दोरानं नांदुऱ्याला एकदा मालगाडी अडवली होती, असं तो स्वतः सांगतो. मालगाडीनं अजून इन्कार केलेला नाही. पण अंबाडीच्या धाग्यातून तेल?

“धाग्यात मेण असते, शंभरात एखादा भाग. माह्या प्रयोगात अकरा निघाले! सर म्हणाले, ही अंबाडी आहे का भुईमूग?”

कडूबानं मान खाली घातली. “एरंडीचं हाय ते. मीच चोपडलं. विंचरली बी तिले.”

“काऊन पण?”

“तुह्यासंगं परीक्षेले चालली व्हती ना ते. कोरड्या केसानं कशी धाडू?”

अर्पिताला हसू आलं, अन् रडूही. परवा बाहेरचे परीक्षक येणार. धागा कशाकशाचा बनलाय ते नव्यानं वेगळं काढून मोजायचं, तर बिनतेलाचा धागा हवा. आणि नवी अंबाडी अजून शेतात हिरवीगार उभी.

ओसरीच्या खुंटीवर मात्र अंबाडीची एक कोरडी, बिनतेलाची लड लटकत होती. उद्या पोळा, राजा बैलाचा नवा कासरा तिचाच वळायचा होता. चौदा पोळे झाले, राजा कधी जुन्या कासऱ्यानं तोरणाखाली उभा राहिला नव्हता. कडूबानं त्याच्याकडं पाहिलं. राजा रवंथ करत राहिला. बहुधा हो म्हणाला.

कडूबानं लड काढून तिच्या हातात दिली.

“अन् राजाले?”

“निळं नायलॉन हाय घरात. एक दिवस फ्याशन करन थो.”

अर्पितानं लड ओढणीत गुंडाळली, छातीशी धरली. “आबा, पहिल्याच पानावर आभार मानते तुमचे. नावानिशी.”

“माहे कायले? राजाचे मान. कासरा त्याचा गेला.”

ती वळली.

“थांब वं.”

आज खांदशेकणी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला आज हळद-तेल लावायचं. कडूबानं तिच्याकडून बाटली घेऊन बूच काढलं, पहिलं बोटभर तेल राजाच्या खांद्यावर चोळलं. उरलेलं तेल तळहातावर उपडं केलं आणि अर्पिताच्या कोरड्या टाळूवर थापलं.

“हां. आता जाय परीक्षेले.”