आवृत्तीचा आकडा

चार वाजले. चार वाजून पाच झाले. फोन वाजला नाही.

त्याने फोन उचलून आवाज बंद नाही ना, ते बघितलं. बंद कसा असेल? मघाशीच तपासला होता. फोन येईनासा झाल्याचा हा पाचवा आठवडा होता, तरी सवय जात नव्हती.

तो घरून काम करायचा. एकटाच राहायचा. वेबसाइट बांधून चढवायचं काम त्याच्याकडे होतं. फोटो हलके करायचे, दहा-बारा फायली जोडून एक करायची, आवृत्तीचा आकडा एकाने वाढवायचा, आणि पावणेचारला सगळं चाचणीच्या साइटवर चढवायचं. यातला आकडा वाढवायचा राहिला, की बाकीची सगळी मेहनत पाण्यात. बघणाऱ्याला जुनंच पान दिसत राहतं.

आणि तो नेमका आकडाच विसरायचा. रोज चारच्या ठोक्याला ताईंचा फोन यायचा. ताई म्हणजे चाचणी करणाऱ्या बाई, दुसऱ्या गावी, त्याही घरूनच. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

"विसरोबा, जुनंच दिसतंय रे."

हे नाव त्यांनीच ठेवलेलं, आणि पुढे सगळ्या टीमने उचललेलं. तो ओशाळून आकडा वाढवायचा आणि परत चढवायला लावायचा. त्याला अकरा मिनिटं लागायची. "होईपर्यंत थांबते," असं म्हणून ताई फोन चालूच ठेवायच्या. मग शेजारणीच्या मांजराने कुंडीत काय केलं, गुडघा कसा आहे, त्याने दुपारी जेवण केलं की नुसत्याच चहावर भागवलं, असं काहीबाही निघायचं. "आलं बघ नवीन," असं म्हणून त्या फोन ठेवायच्या. कधी कधी दिवसभरात तो तेवढंच बोललेला असायचा.

पण त्या विसरण्याची त्याने धास्ती घेतली होती. कामांची यादी कागदावर लिहून त्याने भिंतीला चिकटवली. प्रत्येक काम झालं की पेनाने खूण करायचा. आकड्यापुढेही खूण असायची, आणि तरी चारला फोन यायचाच. म्हणजे खूण केली ती न करताच? वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग मुलाचं नाव. कित्येक रात्री त्याने डोळे मिटून, शाळेतल्या आपल्या वर्गातल्या मुलांची हजेरी अजून आठवते का, ते बघितलं होतं.

शेवटी उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या साहेबांनी फर्मान काढलं, "माणूस विसरतो. सगळं आपोआप होईल असं कर." त्याने तीन दिवस बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आता एक ओळ टाइप केली की फोटो, फायली, आकडा, चढवणं, सगळं आपलं आपण व्हायचं. साहेब खूश झाले. ताई आता तपासून सगळ्या टीमला दिसणाऱ्या ऑनलाइन नोंदवहीत लिहायच्या, 'सगळं नवीन, बरोबर.' फोन करायचं कारणच उरलं नाही, आणि कारणाशिवाय फोन करायची दोघांचीही रीत नव्हती. आपल्याच हाताने आपण पायावर धोंडा पाडून घेतला, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. पण सांगणार कोणाला?

आज साहेबांना वरच्यांसाठी अहवाल हवा होता. प्रोग्रॅम येण्याआधी आकडा किती वेळा विसरला, ते मोजून द्यायचं होतं. चार वाजून दहा मिनिटांनी त्याने नाइलाजाने सर्व्हरवरच्या जुन्या नोंदी उघडल्या. स्वतःच्या विसरभोळेपणाची मोजदाद स्वतःच करायची, यापरतं वाईट काम नाही.

कामाच्या पहिल्या आठवड्यात तीनदा आकडा खरंच राहिला होता. पुढच्या आठवड्यात एकदाही नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. त्याने भराभर महिने खाली सरकवले. सात महिने रोज पावणेचारला आकडा वाढलेला होता. ताईंचा फोन आल्यावर चारनंतर त्याने तो उगाचच आणखी एकाने वाढवला होता.

तो विसरला नव्हता. सात महिन्यांत एकदाही विसरला नव्हता. तो पहिला आठवडा सोडला, तर ताईंना रोज नवीनच पान दिसत होतं, आणि त्यांनी ताकाला तूर लागू दिली नव्हती.

त्याला आधी राग आला. चांगलाच आला. त्या हजेरी आठवण्याच्या रात्री कोण भरून देणार? आज फोन करून खडसावायचंच, म्हणून त्याने नंबर काढला. मग त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं. सव्वाचार. चारच्या ठोक्याला आपण काय करत बसलो होतो, ते त्याला आठवलं. पलीकडे, न पाहिलेल्या त्या घरात, आणखी कोणीतरी घड्याळाकडे बघत बसलं असेल.

आजची नोंदवही समोर उघडीच होती. ताईंनी दहा मिनिटांपूर्वीच लिहिलं होतं, 'सगळं नवीन, बरोबर.' त्याच्या पडद्यावरही नवीन पान झळकत होतं.

त्याने फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"ताई, मी विसरोबा."

"अरे! बोल ना. काय झालं?"

"काही नाही, जरा साइट बघता का? माझ्याकडे जुनंच दिसतंय."

पलीकडे माउसची एक टिकटिक ऐकू आली. मग ताईंनी घसा खाकरला.

"हो रे," त्या म्हणाल्या, "माझ्याकडेही जुनंच दिसतंय. तू चढव परत. होईपर्यंत थांबते मी."