कार्डावरचा बाण

पंप सुरू झाला तशी टेबलावरच्या प्लास्टिकच्या पायाच्या मांडीतून लाल पाण्याची धार लागली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी घड्याळाचं बटण दाबलं आणि समोरच्या लाँड्रीतल्या मावशींनी पट्टा उचलला.

चाचणी दहा जणांची होती. त्यांच्यातल्या एकालाही वैद्यकातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तशीच माणसं हवी होती. अपघात होतो तेव्हा शेजारी डॉक्टर थोडाच उभा असतो? रक्त थांबवणारा हा नवा पट्टा दहांपैकी आठ जणांना मिनिटाच्या आत लावता आला, तरच पुढे जाणार होता. सात जणांना जमलं, दोघांना नाही. मावशी दहाव्या.

पट्टा बनवणारी इंजिनियर काचेपलीकडे उभी होती. तिने तोंडातून अक्षर काढायचं नाही असा नियम होता. डॉक्टरांनी त्या वर्षात असे पाच पट्टे नापास केले होते, आणि पाचांपैकी एकासाठीही त्यांना वाईट वाटलं नव्हतं.

मावशींनी सूचनांचं कार्ड पाहिलं. उलटं धरून पुन्हा पाहिलं. दहा सेकंद त्यातच गेले. मग ते त्यांनी सरळ बाजूला ठेवून दिलं.

मावशींनी जखमेच्या वर पट्टा गुंडाळला आणि कार्डावरचा बाण जिकडे होता त्याच्या बरोबर उलट, स्वतःकडे, खसकन ओढला. इंजिनियरने डोळे मिटले. मावशींनी पट्ट्यावरची दांडी दोनदा पिळली, तिसऱ्यांदा पिळली, खाचेत अडकवली.

धार बारीक झाली. मग थांबली. पंप नुसताच घुरघुरत राहिला.

"सदतीस सेकंद," डॉक्टर म्हणाले. बाणाच्या उलट का ओढलंत, हेही त्यांनी विचारलं.

"हे चित्र काढणाऱ्याने पट्टा स्वतःच्याच पायाला बांधून बघितलाय," मावशी म्हणाल्या. "मी समोर उभी आहे. मला सगळं उलटंच की."

डॉक्टरांनी काचेकडे पाहिलं. इंजिनियरचा चेहरा लाल झाला होता. तिने खरोखरच खुर्चीत बसून, आपल्याच मांडीला पट्टा बांधून ते चित्र काढलं होतं. तिने मान डोलावली आणि मग तिला हसू आलं, ते काही केल्या आवरेना. बोलायचं नाही असा नियम होता. हसण्याबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांनी नापास झालेल्या दोघांचे कागद काढले. दहा जणांत फक्त या दोघांनीच इमानेइतबारे बाणाप्रमाणे ओढलं होतं, आणि पट्टा सैल झाला होता. डॉक्टरांनी लाल पेनाने कार्डावर भलीमोठी फुली मारली. पट्टा पास, कार्ड नापास, नवं चित्र उद्या दहापर्यंत हवं, असं ते काचेकडे बघून म्हणाले.

तोवर मावशींनी फडक्याने तो पाय पुसून कोरडा केला होता. आता त्या खुर्चीवरची चादर उचलून त्याच्यावर घालत होत्या.

"एवढं रक्त गेलंय," त्या म्हणाल्या. "थंडी वाजत असेल."

डॉक्टर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि चादरीची तिकडची कड त्यांनी नीट खोचली.